पडद्यावर आपले गाव कुठे आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी साजगाव येथे केलेले भाषण)



‘दूरदर्शन आणि खेड्यातील स्त्री’ हा विषय मंडळाने मला दिला आहे. या विषयावर बोलावयाचे म्हटले की ‘शाप की वरदान’ असा वाद घालण्याची आपल्याकडे रीत आहे. तो वाद मी घालणार नाही. मुलांनी किती पाहावे, मालिकांतील सासवांनी किती कटकारस्थाने करावी, भाजी करपली ती कोणामुळे, हे सारे आपले घरोघर बोलून झाले आहे. मला आज निराळाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे. आपण टेलिव्हिजन पाहतो, हे खरे. पण टेलिव्हिजन आपल्याला पाहतो का? आणि पाहत असेल तर केव्हा?

हा प्रश्न साजगावात विचारणे विशेष योग्य आहे, असे मला वाटते. आपला हा खालापूर-कर्जतचा भाग मुंबईपासून फार दूर नाही. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येतो. पण जवळ असणे वेगळे आणि दिसणे वेगळे. विजेचेच पाहा. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून खोपोलीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले ते १९१५ साली. कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारा आपल्या शेतांवरून गेल्या. पण त्या तारांखालच्या कितीतरी वाड्यांत दिवा लागावयास पुढे अनेक दशके जावी लागली. पाणी आपल्या घाटाचे, उजेड मुंबईचा. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. मोठ्या शहराच्या शेजारी राहणाऱ्या खेड्याचे हे जुनेच प्राक्तन आहे. टेलिव्हिजनच्या बाबतीत काय झाले, ते समजण्यासाठी मात्र एवढे ध्यानात ठेवावे लागते.

भारतात टेलिव्हिजनचा प्रारंभ दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. दुसरे केंद्र मुंबईचे. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर सुरू झाले. बरोबर एका वर्षाने, २ ऑक्टोबर १९७३ रोजी, सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्याच्या बाजूस दिसू लागले. म्हणजे एका बाजूला वरळीचा सुमारे ३०० मीटर उंच मनोरा, दुसऱ्या बाजूला सिंहगड, आणि मध्ये आपण, घाटाच्या पायथ्याशी! टेलिव्हिजनच्या लहरी सरळ रेषेत जातात. त्यांना डोंगर ओलांडून वळसा घालता येत नाही. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत, असा आपला शेजार. ज्या वस्तीवर डोंगराची आड, तिथे पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मग बांबूला बांबू जोडून ॲन्टेना उंच करावयाचा, एकाने कौलांवर चढून तो फिरवावयाचा आणि घरातून साऱ्यांनी “आलं, आलं! गेलं! जरा मागं!” म्हणून ओरडावयाचे. आज इथे बसलेल्या किती जणींच्या घशाने हे काम केले असेल, ते तुम्हांला हसताना पाहूनच कळते.

त्या मुंबई केंद्राचे ऋण मात्र मान्य केलेच पाहिजे. आपली भाषा त्याने आपल्या माजघरात आणली. पहिल्या मराठी बातम्या वाचल्या त्या डॉ. विश्वास मेहेंदळे यांनी. स्मिता पाटील चित्रपटात गाजण्याआधी याच केंद्रावर बातम्या वाचत असत. ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतकऱ्याला पडद्यावर मानाचे पान मांडले. धोतर-टोपीतला माणूस खुर्चीवर बसून रोपांविषयी, खताविषयी बोलतो आहे आणि समोरचा शिकलेला मनुष्य त्याचे लक्ष देऊन ऐकतो आहे, हे दृश्य आपल्या लोकांनी तोवर कुठे पाहिले होते? गावात एखाद्याच घरी संच असे. त्या घरच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडे, आणि पुढे मुले, मागे बाया, दाराशी पुरुष अशी बैठक आपोआप लागे. जातीपातीचा विसर पडे, असे मी म्हणणार नाही. कोण उंबऱ्याच्या आत आणि कोण बाहेर, हे त्या बैठकीतही दिसत असे. तरी एकाच गोष्टीला सारे गाव एकदम हसते आणि एकदम डोळे पुसते, हेही थोडे नव्हते.

पण आता त्या पडद्यावर आपण स्वतः किती होतो, ते पाहू. हवामानाचा अंदाज येई : कोकणात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस पडेल. आता तुरळक ठिकाणी म्हणजे माझ्या खाचरात की शेजारणीच्या? बाजारभाव येत ते मोठ्या बाजारपेठांचे. आपल्या साजगावची ही धाकटी पंढरी. कार्तिकी एकादशीला इथे जत्रा भरते, सुक्या मासळीचा एवढा मोठा बाजार लागतो की आपल्या विठोबाला लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकाराममहाराज मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून इथे येत, अशी आख्यायिका आपण आजीकडून ऐकली. वर्षाची बेगमी करणाऱ्या हजारो घरांना त्या बाजारातला बोंबलाचा आणि सुकटीचा भाव हवा असतो. तो काही मुंबईहून कोणी सांगितला नाही. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’सारखे वाण तिथे तयार झाले आणि दूरवर गेले. कर्जत आपल्या हाकेच्या अंतरावर. पण तिथल्या शेतातले ज्ञान टेलिव्हिजनवरून आपल्याकडे यावयाचे तर आधी त्याने वरळीला जावयाचे आणि मग डोंगर चुकवीत परत यावयाचे!

यात मुंबईच्या माणसांचा दुष्टावा नव्हता. एका केंद्राने सारा मराठी मुलूख सांभाळावयाचा. त्यात कोळी, आगरी, ठाकूर, कातकरी, घाटमाथा, देश, सारेच आले. प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येणार? पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी रंग आले. संध्याकाळचे मोलाचे तास दिल्लीकडे गेले. रामायण-महाभारत आपण हात जोडून पाहिले, त्याचा मला आनंदच आहे. पण जाळे जेवढे मोठे होते तेवढी त्याची भोके मोठी होतात, आणि लहान मासळी त्यातून निसटते, हे सुकी मासळी विकणाऱ्या आपल्या गावाला सांगावयास नको. १९९४ साली मराठीसाठी उपग्रहावरची स्वतंत्र वाहिनी निघाली. तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. १९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या, २००७-०८ च्या सुमारास चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या आल्या. छपरांवर तबकड्या आल्या, त्यांचे तोंड मुंबईकडे नसून आग्नेयेच्या आकाशाकडे असते. २०२१-२२ च्या सुमारास दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक बंद झाले. बांबूवरचा ॲन्टेना आता कपडे वाळत घालण्यापुरता उरला. चित्र आता डोंगराच्या आड अडत नाही. पण अडत नाही म्हणजे ते आपले झाले, असे नव्हे.

भगिनींनो, आता मी जड मनाने एक गोष्ट सांगते. १९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेली नाही. आपल्याच तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकूर समाजाची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जावयास रस्ता नव्हता. यंत्रे नेता आली नाहीत. माणसे चिखलातून पायी चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोधकार्य थांबविले तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. ती त्या मातीतच राहिली.

त्या चार दिवसांत आपल्या तालुक्याचे नाव देशभरच्या पडद्यांवर होते. पायथ्याशी वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. त्या वार्ताहरांना मी दोष देत नाही; तीही कोणाची तरी मुले, भर पावसात उभी होती, आणि त्यांच्यामुळे मदतीचा ओघ आला. पण मला विचारावयाचे आहे ते त्याच्या आधीच्या दिवसांविषयी. इर्शाळवाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी विधिमंडळात सांगण्यात आले. वाडीला रस्ता नाही, हे मात्र तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते; ती रोज डोक्यावर ओझे घेऊन ती वाट चढत होती. १८ जुलैपर्यंत त्या वाटेकडे कोणाचा कॅमेरा वळला? दरड कोसळल्यावर वाडी दिसली. त्याआधी ती नकाशावर होती, मतदारयादीत होती, पडद्यावर नव्हती. जे पडद्यावर नसते त्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि ज्याविषयी प्रश्न विचारला जात नाही त्याचे उत्तर देण्याची घाईही कोणाला नसते. पडद्यावर असती म्हणून वाडी वाचलीच असती, असे मी म्हणत नाही. डोंगरापुढे माणसाचे चालत नाही. पण माणसे आधी ऐकली गेली पाहिजेत, एवढे तर आपण म्हणू शकतो.

मग खेड्याचे म्हणावे असे टेलिव्हिजन कधी कुठे झालेच नाही का? झाले, आणि आपल्या शेजारीच झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने, आपल्या देशातील सहा राज्यांत सुमारे २४०० गावांना शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण त्याच सुमारास गुजरातेत, खेडा जिल्ह्यातील पीज नावाच्या खेड्यात एक लहानसा प्रक्षेपक बसविण्यात आला. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने तो प्रयोग हाती घेतला. गावोगाव सार्वजनिक संच ठेवले. कार्यक्रम करणारी मंडळी आधी गावांत जाऊन राहिली. मजुरी, दारू, बाळंतपण, दुधाचा धंदा, जातीचा जाच, हे विषय गावकऱ्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत मांडले गेले. कित्येकदा गावकरीच त्यात नट झाले. तक्रारी मांडावयाच्या आणि अधिकाऱ्यांनी उत्तरे द्यावयाची, असेही कार्यक्रम झाले. ‘युनेस्को’ने या कामाचा गौरव केला. आणि पुढे जेव्हा तो प्रक्षेपक तिथून हलविण्याची वेळ आली तेव्हा आसपासच्या लोकांनी त्याला विरोध केला. अखेर ते केंद्र टिकले नाही. पण विचार करा, आपण कधी एखादी वाहिनी बंद होऊ नये म्हणून रस्त्यावर उतरू का? मालिका संपली तर चार दिवस चुटपुट लागते, एवढेच. त्या लोकांना ते केंद्र आपले वाटले, कारण त्यात त्यांचा आवाज होता.

परदेशातली रीतही जाणून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचे देशभर जाळे असते. पण गावोगावची केंद्रे पुष्कळदा दुसऱ्याच मालकीची असतात. ती जाळ्याशी करार करून त्यांचे मोठे कार्यक्रम घेतात आणि मधल्या वेळात आपल्या भागाच्या बातम्या, हवामान, शाळेचे सामने दाखवितात. मॉन्टाना राज्यात ग्लेनडाइव्ह नावाच्या छोट्या गावी १९५७ साली असे केंद्र निघाले. त्याचा प्रेक्षकवर्ग साऱ्या अमेरिकेत सर्वांत लहान म्हणून ओळखला गेला. काही हजार घरांसाठी एक केंद्र! त्या रीतीतही पैशाच्या अडचणी आहेत, मोठे मासे लहान केंद्रे गिळतात, हे मी जाणते. पण घडी अशी बसविता येते, की राष्ट्राचे राष्ट्राला आणि गावाचे गावाला. एकासाठी दुसरे सोडावे लागत नाही, एवढे त्यावरून दिसते.

आता तुम्ही म्हणाल, “बाई, हे सगळं खरं, पण आम्ही काय करायचं? आम्ही काय टेलिव्हिजन काढणार आहोत?” टेलिव्हिजन नाही काढणार. पण साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण ऐका. तिथल्या बायांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची सहकारी बँक काढावयाचे ठरविले. बायांना लिहितावाचता येत नाही म्हणून आधी परवाना नाकारला गेला. बाया शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. त्याच माणदेशी संस्थेने २००८ साली स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले, ‘माणदेशी तरंग वाहिनी’. पडदा नाही, केवळ आवाज. पण तो माणदेशाचाच आवाज. दुष्काळी मुलखातल्या बायांनी जे केले ते आपल्या धो धो पावसाच्या मुलखात होणारच नाही, असे का समजावे?

२००६ सालापासून आपल्या सरकारने नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना अशी सामुदायिक रेडिओ केंद्रे काढावयास मुभा दिली आहे. संस्था नोंदवून किमान तीन वर्षे झालेली असावी लागते. प्रक्षेपक लहान असतो. आवाज दहा-पंधरा किलोमीटरांपर्यंत जातो. राजकीय बातम्या स्वतः तयार करून देता येत नाहीत. पण पाऊस, दरड, पूर, वीज, पाणी, दवाखाना, परीक्षा यांच्या स्थानिक सूचना देता येतात. आपल्याला आणखी काय हवे? ‘तुरळक ठिकाणी’ऐवजी ‘आज रात्री अमुक वाडीतल्या माणसांनी खाली शाळेत यावे’ असे आपल्याच ओळखीच्या आवाजात सांगता आले, तर त्या एका वाक्याची किंमत काय होईल, हे आपल्या तालुक्याइतके कोणाला कळेल? मात्र हे काम सोपे आहे, असे मी भासविणार नाही. पैसा लागतो, परवान्याला वेळ लागतो, आणि उद्घाटनाचा हार सुकल्यावरही रोज तासन्‌तास बोलत राहणारी माणसे लागतात. मोबाइलवर कोणीही काहीही बोलते, मग हे कशाला, असेही कोणी विचारील. पण मोबाइलवर आलेली बातमी खरी की खोटी याची जबाबदारी कोण घेतो? केंद्राला पत्ता असतो. चुकले तर जाऊन जाब विचारता येतो.

केंद्र निघेल तेव्हा निघेल. त्याला लागणारी सवय मात्र आजपासून लावता येईल. माझी मंडळाला विनंती आहे, की एक वही ठेवावी. दर पंधरवड्याला प्रत्येक पाड्यातील एका बाईने येऊन आपल्याकडचे सांगावे : वाट खचली का, डोंगराला भेग दिसते का, झऱ्याचे पाणी गढूळ येऊ लागले का, नर्सबाई आल्या का, रेशन मिळाले का. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे. ज्यांना येत नाही त्यांनी सांगावे. तारीख घालावी. त्याची नक्कल ग्रामपंचायतीला, तहसील कचेरीला आणि वर्तमानपत्राच्या, वाहिनीच्या बातमीदाराला जावी. दहांपैकी नऊ वेळा कोणी लक्ष देणार नाही. दहाव्या वेळी देतील, आणि न दिले तरी उद्या कोणाला “आम्हांला कोणी सांगितलेच नाही” असे म्हणता येणार नाही.

आणखी एक. ठाकूरवाडीच्या, कातकरवाडीच्या बाया आज इथे मागे, दाराशी बसल्या आहेत. टेलिव्हिजनच्या त्या जुन्या बैठकीसारखीच ही बैठक लागली आहे. वहीत पहिले नाव त्यांच्यापैकी कोणाचे तरी असावे, असे मला वाटते. डोंगराच्या सर्वांत जवळ त्या राहतात. डोंगर काय म्हणतो ते त्यांना आपल्याआधी ऐकू येते.

 चहा झाल्यावर लगेच निघू नका. वही चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे, आणि पहिले पान अजून कोरे आहे.